तीन एक्के आणि एक गोळी

कारेलीबागेतल्या दवाखान्यात नंबर लावून घेणाऱ्या नलिनीचे कान बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांकडे लागले होते.

"बापू, आत गेलास की सांग, ह्या गोळीनं चक्कर येते, बदलून द्या."

"पण मला चक्कर येतच नाही, विश्राम! प्रेशर उतरलं, छातीतली धडधड गेली, हातसुद्धा थरथरत नाहीत."

"तेच तर दुखणं आहे! काल तीन पत्तीत तीन एक्के हातात असून तू दगडासारखा बसलास. आम्ही सगळे बुडालो."

"म्हणजे इतकी वर्षं श्रावणातल्या जुगारात तुम्ही माझे हात बघून खेळत होतात?"

"मग काय! तुझे हात थरथरले की आम्ही पत्ते टाकून मोकळे."

"लुच्चे लेकाचे! आता गोळी सोडतो होय मी! डॉक्टर म्हणाले, हृदयाला उगाच धावू देत नाही ती. प्रेशरला देतात, थरथरीला देतात, अर्धशिशीलासुद्धा."

"अर्धशिशीला? बघू पाकीट."

"हे घे."

"अरे देवा! आमची अहल्या रोज हीच घेते. नातू झाला त्याच्याही आधीपासून."

"तरीच वहिनी दर श्रावणात जिंकतात!"

"आणि मी मूर्खासारखा तिचे हात बघत बसतो!"

विश्राम उठून तरातरा टेबलाशी आले.

"नलिनीबेन, माझंपण नाव लिहा ने."

"तुम्हाला काय होतंय, काका?"

"आज काही नाही, बेन. पण उद्या जन्माष्टमीचा डाव आहे, आणि समोर बायको बसणार आहे."