वाऱ्याचा डोळा

नाही नाही मिस्त्री, बाहेरून नको, आतूनच बसवा ग्रिल — बाहेरून दिसलं की सोसायटीवाले नोटीस लावतात, म्हणे टॉवरचं एलिव्हेशन बिघडतं. आणि जरा हळू बोलू, आमची ही आत पडलीये, वासंती. तिला खिडकी बंद कधी आवडलीच नाही. इथेच डोंबिवलीत जन्मभर इंग्रजी शिकवलं तिनं. पाचवीला पहिल्या दिवशी एकच शब्द — विंडो. म्हणायची, हा मूळचा इंग्रजांचा नव्हेच, उत्तरेकडचे थंडीतले लोक जहाजांतून आले, त्यांनी आणला. विंड म्हणजे वारा, आणि पुढचा ओ? तो डोळा, झिजून झिजून तेवढाच उरलाय! वाऱ्याचा डोळा. काच कुठली तेव्हा, भिंतीला नुसतं भोक. आणि आपलं गवाक्ष? तोही डोळाच, बैलाचा. मी बँकेतला माणूस, मला काय कळतंय — पण तिचे विद्यार्थी रस्त्यात भेटले की अजून हेच सांगतात.

आता तिला चमचा आठवत नाही. माझं नाव — असो. हा शब्द तेवढा राहिलाय. इथे येऊन म्हणते, वाऱ्याचा डोळा उघडा, फुलं काढायचीत. कसली फुलं? अहो, याच जागेवर आमची जुनी बिल्डिंग होती, आम्ही तळमजल्याला, खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाहेर जास्वंद. रोज पूजेआधी ही खिडकीतूनच पाय टाकून बाहेर — दाराने वळसा घालून कोण जाणार? मग रिडेव्हलपमेंट झालं. जागा तीच, पत्ता तोच, आम्ही नवव्या मजल्यावर. हे तिला कसं समजवायचं? परवा एक पाय बाहेर होता, हातात परडी. कमरेला धरून ओढली तर मला म्हणते, "काका, सोडा हो, देव पारोसे आहेत." काका म्हणाली मला. मुलगी म्हणते, ठाण्याला एक संस्था आहे, तिथे ठेवा. मी नाही ठेवणार. तिथं हिला ओळखणारं कोण आहे?

काय म्हणालात? मधे उघडणारी झडप, कुलूप लावून? नको. किल्ली कुठेही ठेवा, ती शोधते — शब्द गेले, हात शाबूत आहेत. वेल्डिंग करून पक्कंच टाका. हो हो, माहितीये, आग लागली तर बाहेर पडायला जागा नाही राहणार. मी असेन ना तिच्याजवळ, दोघंही असू. खरं सांगू, कधीकधी पहाटे वाटतं, लागलीच तर एका परीनं —

घ्या. माप घ्या तुम्ही.