पेटवलेला माळ

आष्टीच्या स्टँडवर साखराबाई बीडच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी बहीण-भाऊ हमरीतुमरीवर आले होते.

"माळ जाळल्यावर नवं गवत फुटतं, रोहिणे. शेळ्यांना काय घालू?"

"अभयारण्य हाय ते! आमी गावच्या पोरींनी आग आडवायला महिनाभर पट्टे साफ केले, फुकट. तू एका काडीत राख केली."

"पाखरांसाठी बीडला जाऊन फारेष्टाच्या सायबाला सख्ख्या भावाचं नाव सांगती?"

"तितरी अंड्यांवरच जळाली, दादा. उठली न्हाई. सांगणारच!"

"मावशी, तुमीच सांगा. तुमच्या वक्ताला जाळायचे का न्हाई?"

"जाळायचे, बाबा. तवा तितरंबी लई होती." साखराबाई उठल्या, रोहिणीकडे वळल्या. "चल लेकी, गाडी लागली."