खालचा बांबू सोडू नका

असा हात आता राह्यला नाई, म्हनता मॅडम? — नाई नाई, मी काई म्हनत नाई, विद्यापीठाच्या मानसानं म्हनलं म्हंजे इचार करूनच म्हनलं असन — पाहा ना, पाहा, पडदा पाहाले तर तुमी अमरावतीवून तेल्हाऱ्याले आल्या. पन दारापासून पाहा, लांबून चांगला दिसते. आमच्या आज्यानं काढला हा, कालकथित पुंजाजीनं, अठ्ठावन साली, नाटकासाठी — समाजमंदिर तवा कुठलं, इथं मांडव पडे — सिद्धार्थ घर सोडून चालला अन् त्याचा घोडा, कंथक, मागं वळून पाहून राह्यला. तुमच्या त्या वारशाच्या छोट्या अनुदानातून फाटकंतुटकं दुरुस्त केलं, इथं टांगला, झालं. आता तुमी रिपोर्ट लिवला का आमी मोकळे. टेप कशाले काढली? माप मी सांगतो ना, अठरा बाय बारा — अवं अवं, खालचा बांबू सोडू नका! काठ गुंडाळला हाये त्याले, जुना कपडा, टरकन फाटन. पह्यले चहा घ्या. काय म्हनता, पडद्यालेच चहाचा वास येते? बाप्पा! तो तुमच्या कपातून येऊन राह्यला, मॅडम.

घोड्याच्या डोळ्यापाशीच अडकल्या ना तुमी? सारेच अडकतेत. इकडून पाहा, तिकडून पाहा, आपल्याकडंच पाहते. सोपा नाई तो डोळा. तीन खेपा पुसला. आपल्याकडं घोडा येते वरातीत, अन् तवा त्याच्या तोंडावर ह्या झालरी — डोळा पाहाचा कसा? मंग खुशालरावच्या गोठ्यात आठ दिवस बैलासमोर बसलो. बसलो म्हंजे — आजा बसला. अठ्ठावन साली. खुशालरावच्या बापाच्या गोठ्यात. बैल तोच — म्हंजे जातच तीच. अन् पापणीखाली पांढरा ठिपका ठेवला ना, बारीक, तांदळाच्या कणीएवढा, का डोळा ओला दिसते. हे मले आज्यानं सांगतलं. मी तवा... हो, जन्मलो नव्हतो. नंतर सांगतलं. तुमी चहा घ्या ना, थंडा होऊन राह्यला.

काय लिवून राह्यल्या? वाचा बरं. 'ही चित्रकला आता लोप पावली आहे.' — लोप? काहून? कोनाले इचारून? — नाई, चिडलो नाई. आवाजच असा हाये माहा. चाळीस वर्सं बोर्ड रंगवले मी, मॅडम. तेल्हाऱ्यातलं दुकान सांगा, दवाखाना सांगा, शाळंच्या भिंतीवरचा नकाशा सांगा. मंग फ्लेक्स आला. रात्री फोटो पाठवला का सकाळी बोर्ड तयार, अन् त्याच्यावर साऱ्या गावाची थोबाडं. मले राह्यले गाडीचे नंबर अन् लाईटच्या खांबावरचे आकडे. मले कोनी म्हनलं का, शेषराव, घोडा काढून दे? एकानंबी नाई! मेलेल्या मानसाचा घोडा पाहाले मात्र अमरावतीवून गाडी येते. अन् घोडा कोनाचा? माहा!

...निंगलं तोंडातून. निंगू द्या. आता लपवून काय करू.

आज्याचा पडदा होता, खोटं नाई. लहानपनी पाह्यला मी, रोज पाह्यला. आमच्या प्रियदर्शनीनं — लेक माही, अकोल्याले मास्तरीन हाये — तिनं तुमचा फॉर्म भरला, पेटीत आज्याचा पडदा हाये, म्हने. अनुदान मंजूर झालं, पेढे वाटले, अन् मी पेटी उघडली तर गोधड्या. बायकोले, इंदूबाईले इचारलं, पडदा कुठी? तर म्हनते कशी, 'अवकाळी आला तवा कापसाच्या गंजीवर टाकला नव्हता का?' — दहा वर्सं झाले त्याले! रंग कापसाले लागला, कापूस गेला, पडदा गेला, अन् हे मले आता सांगून राह्यली. आता लेकीले कोन्या तोंडानं सांगू? मांजरपाट आनला, गच्चीवर ताणला, अन् जसा डोळ्यासमोर होता तसा काढला. दोन महिने. मंग कोऱ्या चहाचं पानी मारलं, चुलीचा धूर देल्ला — वास बरोबर धरला तुमी. अन् आज्याच्या पडद्यात घोडा पुढं पाहे, मॅडम. वळवला मी.

सोडा आता बांबू. सोडा ना, मीच सोडतो. दोन्ही गाठी... हं. वाचा. 'शेषराव पेंटर, तेल्हारा' — अन् खाली मोबाईल नंबर. अठ्ठावन साली मोबाईल नव्हता, एवढं मलेबी समजते! पन चाळीस वर्साची सवय हाये, बोर्ड झाला का हात आपोआप कोपऱ्यात जाते. लिवून झाल्यावर ध्यानात आलं. पुसाले गेलो, अन् पुसवलं नाई. म्हून तो काठ बांबूले गुंडाळला.

असं पाहू नका माह्याकडं. अनुदान वापस घ्या, पडदा मी उतरवतो. प्रियदर्शनीले फोन करा, नाई तर मीच करतो. पन त्या कागदातलं 'लोप पावली' तेवढं खोडा, बाकी काई मागत नाई. अन् निंगा आता, अंधार पडाच्या आत अकोला गाठा, रस्ता खराब हाये.

थांबा, फोन वाजून राह्यला. कोन्या गाडीचा नंबर काढाचा असन. हा तर... नवाच नंबर हाये. हालो? — अवं, मॅडम, तुमीच लावला? समोर उभ्या राहून?

...हो जी. शेषराव पेंटरच. जित्ता हाये. बोला ना.