बऱ्हाणपूरची थंडी

तुम्हाला सांगते, आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात हे म्हणाले, "चार दिवस कुठंतरी जाऊन येऊ. कुठं, ते तू ठरव."

आम्ही तेव्हा धुळ्यात होतो. मी लगेच म्हणाले, "बऱ्हाणपूर. जुनं बादशाही शहर आहे, आणि थंडीही तिथं बेताची."

माझी थोरली बहीण, अक्का, बऱ्हाणपूरलाच दिलेली. एका लग्नातल्या मानपानावरून यांचं आणि तिच्या यजमानांचं बिनसलं, तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही बहिणी भेटलो नव्हतो. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

हे बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "थंडीचं राहू दे. साडूंना पत्र मी लिहितो."

बऱ्हाणपूरला दार अक्कानंच उघडलं. तिचे केस पार पांढरे झाले होते. मी पाया पडून उठले, तसा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नुसती बघत राहिली.

मी माहेरच्या बोलीत म्हटलं, "अक्का, मी शे. आत तरी घे."

"तू तं पुरी मायसारखी दिसस," ती म्हणाली. "थांब, जरा देखू दे."