पावाच्या कपाटातल्या बाटल्या

हॅलो?… अगं, तू होय! हळू बोल. हळू, हळू… छे, कुजबुजतेय कुठे? घसा बसलाय जरा.

बाबा? झोपलेत. स्वयंपाकघरात, त्यांच्या खुर्चीत… हो, जेवले आणि लागला डोळा. कानातलं यंत्र काढून ठेवलंय, नेहमीसारखं.

उद्याची तयारी ना… होतेय. तुझ्या बापाची पंच्याहत्तरी आहे, होणार नाही तर काय… ये ना, दहापर्यंत ये.

कसलं मॉकटेल?… हां, ते. केलंय… आत्ता कशाला हवंय तुला कसं करायचं ते? स्टाफरूममध्ये आहेस? मैत्रिणी वही घेऊन बसल्यात? बरं, सांग त्यांना. संत्र्याचा रस, डाळिंबाचा रस, आलं ठेचून, लिंबू. गाळून घ्यायचं. पुदिना आयत्या वेळी. साखर अगदी थोडी. आणि तीही उरत नाही.

उरत नाही म्हणजे… यीस्ट खातं ना ती.

हॅलो?… आहेस का?

हो, यीस्ट. माझं नेहमीचं, पावाचं… माहीत आहे गं, सोडा विकत आणून ओतला की झालं. ते कुणालाही येतं. पंधरा वर्षं घरी पाव करून विकतेय मी, आणि सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला बुडबुडे दुकानातून आणू? शिवाय डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलेलं. म्हटलं, यीस्ट साखर खाऊन टाकेल, बाबांच्या वाट्याला नुसतं फळ आणि फेस.

दारू काय दारू! तीन दिवसांत कुठे दारू… होते? थोडी होते? अगं बाई.

बरं, ते राहू दे. ऐक ना… तू वर्गाबाहेर ये. स्टाफरूमबाहेर, तेच ते. आलीस? आता ऐक, आणि घाबरू नकोस. मी घाबरलेय तेवढं दोघींना पुरेल.

एक बाटली फुटली.

आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील. मी पॅसेजमध्ये पावाच्या पिशव्यांना लेबलं लावत बसले होते आणि आतून असा आवाज आला… टायर फुटल्यासारखा. धावत आले, दाराच्या काचेतून बघते तर कपाटाचं दार सताड उघडं, फरशीभर काचा आणि भिंतीवर सगळं लाल… डाळिंब गं! डाळिंब! मलाही आधी तेच वाटलं. मग बाबांनी मान वळवली, तेव्हा जिवात जीव आला.

नाही, लागलं नाहीये… जाग? त्यांना? उशाशी तोफ डागली तरी घोरतील.

कुठलं कपाट म्हणजे… ओव्हनशेजारचं. मी पीठ फुगायला ठेवते ते… अगं, यीस्टला ऊब नको का? पंधरा वर्षांची सवय आहे, हात आपोआप तिकडेच जातो… हो. खुर्ची तिथेच आहे. तिथे उबदार वाटतं म्हणून स्वतःच सरकवून बसतात. कपाटापासून… हातभर असेल. नसेलही.

यीस्ट किती? एक चमचा. सगळ्यात मिळून नाही, बाटलीला एक… पावाला लागतं तेवढंच घातलं मी! पिठात जास्त झालं तर काय होतं, पीठ भांड्याबाहेर येतं, ओटा पुसून घ्यायचा. हे कुठून बाहेर येणार? बुचं तार लावून आवळलीयेत… चिमूटभर? डझनभर बाटल्यांना दोन चिमटी? मग हे मास्तरीणबाईंनी तीन दिवसांपूर्वी सांगायचं होतं! आता शिकवतेयस!

…नाही. चुकलं माझं. तुझ्यावर कशाला ओरडतेय मी.

काय बंद करू?… ओव्हन, हो, चालूच आहे की! थांब, मेन स्विच इकडे पॅसेजमध्येच आहे… केला. चाळीस पाव गेले आत. जाऊ देत.

अग्निशमनवाले? अगं, ते येईपर्यंत चार वाजतील. चार वाजता बाबा उठतात. चहाला. घड्याळ चुकेल, ते चुकत नाहीत. उठले की आधी अनवाणी पाय खाली टाकणार, त्या काचांत. आणि मग कपाटातली बाटली काढून, हलवून, उजेडात धरून बघणार. तीन दिवस तेच चाललंय त्यांचं. ‘झालं का गं? फेस धरला का?’

पावणेचार… झालेत. होऊन गेलेत.

माहितीये गं, जायला हवं! कडीवर हात ठेवूनच उभी आहे. दहा मिनिटं. हात आहे कडीवर आणि पाय उचलत नाही. तुझा बाप तिथे एकटा झोपलाय आणि मी इथे दाराआड लपलेय, माझ्याच हातानं हे करून ठेवलेलं असून. लाज वाटतेय मला. तुला सांगू, तू फोन केलास तेव्हा रेसिपी सांगत बसले, कारण तेवढा वेळ आत जावं लागणार नव्हतं.

…असं नको बोलूस. शिव्या दे त्यापेक्षा.

आई गं!

दुसरी! दुसरी फुटली… खालच्या कप्प्यातली. बाबा… बाबा ठीक आहेत. शाल ओढून घेतली नुसती. ओट्यावरचा पाव उडून त्यांच्या मांडीवर पडलाय.

नाही, आता नाही थांबत. जाते… काय घालू? बूट, हो. तुझ्या दादाचे पावसाळी बूट आहेत इथे. रजई? घेते. हेल्मेटही आहे. फोन एप्रनच्या खिशात टाकतेय, तू बोलू नकोस, ऐक फक्त.

…आले आत. काचा वाजतायत बघ बुटांखाली… कपाटाकडे बघतच नाहीये मी. बाबा! बाबा, उठा! अहो, काही नाही, रजई आहे ही. थंडी नाही, राहू दे अंगावर! डोकं इकडे करा… हेल्मेट! घाला म्हणते ना! कुठे जायचं म्हणजे? पॅसेजमध्ये! पाय माझ्या बुटांवर ठेवा. माझ्या! हां, असे. नाचायचं नाहीये, बाबा, चला…

…आलो गं! आलो बाहेर! दार लावलं. कडी घातली. फोन हातात घेतलाय, ऐकू येतंय ना? चपलांच्या बाकावर बसवलंय त्यांना. हेल्मेट घालून बसलेत आणि विचारतायत, चहा झाला का. हसू नकोस… हस बाई, हस. मलाही हसू येतंय… थांब हं.

बाबा, शालीखाली काय धरलंय?

…अगं.

बाटली आहे.

त्यांच्याजवळ, छातीशी धरलीय, शालीत गुंडाळून. जेवण झाल्यावर काढून घेतली म्हणे. ‘उद्या पाहुणे फस्त करतील आणि मला तुम्ही अर्धा ग्लास द्याल मोजून.’ दुपारपासून उरावर घेऊन झोपले होते. बूच वर आलंय. तारेवर टेकलंय नुसतं.

हिसकावत नाहीये… हलवायची नाही, कळतंय मला! बाबा, द्या ती. द्या इकडे… सोडत नाहीत. ‘ही माझी’ म्हणतात. ‘खीर काढून घेतलीत, आंबा काढून घेतलात, ही नाही देणार.’ यंत्र आत टेबलावर राहिलं गं, कसं सांगू त्यांना? काय ओरडू? जितकं ओरडतेय तितकी घट्ट धरतायत!

…ओरडत नाही. बरं. खाली बसते, त्यांच्यासमोर. नुसते हात पुढे करते… एकच, दुसऱ्यात तू आहेस.

बाबा… तुमच्यासाठीच केलं हो. कुणाला नाही देणार. सगळं तुमचंच होतं.

…नाही ऐकू आलं त्यांना. माझ्या तोंडाकडे बघतायत. हेल्मेटची काच वर केलीय. ‘रडतेस का?’ म्हणतात… ‘फोनवर कोण, ती आमची? ती ओरडली का तुला?’ तुझ्यावरच चिडलेत बघ… नाही बाबा, ती नाही ओरडली…

अगं. अगं, देतायत. ‘रडू नकोस,’ म्हणतात. ‘मला नको, घे. तूच पी.’ पुढे केलीय बाटली. बाटली हलतेय गं त्यांच्या हातात.

तशीच धरा, बाबा. तश्शीच.

…नाही, फोन खिशातही नको. तुझा आवाज आला की माझा हात हलतो. ठेवते. दोन्ही हात लागणार आहेत.