सात किलो दोनशे

नर्स: स्वेटर काढा, आजी. स्वेटरसकट वजन धरत नाही मी.

आजी: राहू द्या हो बाई. नात खोकतेय दोन दिवस. गारठा बसला म्हणजे?

नर्स: गारठा कुठाय? मला घाम फुटलाय इथं.

आजी: मघाशी काट्यावर आकडा बघितलात ना? सात किलो नऊशे. वाढलं. मग आता पोरीला सोलून काय बघायचंय?

नर्स: गेल्या महिन्यात सात-तीनशे होतं. एका महिन्यात सहाशे ग्रॅम? आणि दंड बघा, माझ्या दोन बोटांत मावतोय. कुठंतरी पाणी मुरतंय.

आजी: कमी भरलं तरी आम्ही वाईट, जास्त भरलं तरी आम्हीच.

नर्स: वाईट कोण म्हणतंय? ये गं चिमे, हात वर कर. शहाणी माझी... अगं बाई! शिवणीत काय आहे हे?

आजी: बटणं असतील.

नर्स: बटणं खणखणत नाहीत, आजी.

आजी: ...लोखंडी वायसर आहेत. मुलगा पंप दुरुस्त करतो, त्याच्या डब्यातले. त्याला ठाऊक नाही. सुनेलाही नाही. मीच काल रात्री शिवले, पहिल्यांदाच.

नर्स: पण कशासाठी?

आजी: तुमच्या भिंतीवरच्या त्या कागदासाठी. 'दोन वर्षांत देशात एकही मूल वजनाच्या लाल रेघेखाली नको.' सुनेनं वाचून दाखवला. मी म्हटलं, नको म्हणजे काय? जे आहे त्याचं काय करणार?

नर्स: अहो, ते उद्दिष्ट आहे. मुलं सुधारावीत म्हणून.

आजी: गिरणीवालीचा नातू नेलात की सुधारायला. चौदा दिवस मोठ्या दवाखान्यात. आईला सोबत राहावं लागलं, तोवर कारखान्यात तिच्या जागी दुसरी उभी राहिली. पोर बाळसं धरून आलं आणि आई घरी बसली. आता दोघं मिळून वाळतायत. माझी सूनही त्याच कारखान्यात आहे, बाई.

नर्स: म्हणून काट्याला फसवायचं? पोर आतून खंगत चाललं तरी?

आजी: मला दिसत नाही का? रात्रंदिवस माझ्याच मांडीवर असते ती.

नर्स: मग महिन्याला चार पाकिटं पोषणाचं पीठ देतो, ते कुठं जातं? खरं सांगा. विकता?

आजी: जीभ झडेल माझी. कोंबड्यांना घातलं.

नर्स: कोंबड्यांना! लेकराच्या तोंडचं?

आजी: लेकरानं थुंकलं म्हणून घातलं. कोंबड्यांनीही चोच लावली नाही.

नर्स: कारण नका सांगू. याच पिठावर बाकीची मुलं वाढतायत. हे बघा, तुमच्यासमोर नवं पाकीट फोडते आणि मी स्वतः खाते. मग तरी पटेल?

(नर्स चमचाभर पीठ तोंडात टाकते. चावता चावता तोंड वाकडं करते.)

आजी: थुंका, थुंका. माझ्यासमोर कसली लाज? हे घ्या पाणी.

नर्स: कडू आहे. खवट. पण तारीख तर पुढच्या वर्षाची आहे.

आजी: तारीख छापणाऱ्याला कुठं चव घ्यायची असते!

नर्स: तुम्ही आधी का नाही बोललात?

आजी: बोलले होते. दोन महिन्यांपूर्वी. तुम्ही म्हणालात, आजी, आयतं मिळतंय तर नावं ठेवू नका.

नर्स: ...म्हणाले असेन.

आजी: म्हणालात. कानाला खडा लावला मी.

नर्स: आजी, बाकीची मुलं? त्यांची वजनं वाढली, ती कशी?

आजी: मी कुणाचं नाव घेणार नाही.

नर्स: नाव नका घेऊ. एवढंच सांगा, वायसर एकट्या तुमच्याच घरात आहेत का?

आजी: तुमच्या केंद्राचा पहिला नंबर आला, साहेबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला शाल दिली. आठवतं? त्या दिवशी आम्ही बायका एकमेकींकडं बघत नव्हतो.

नर्स: देवा.

आजी: म्हणून म्हणते, लिहून टाका सात-नऊशे. तुमची शाल तुमच्यापाशी, माझी नात माझ्यापाशी. कोण बघायला येतंय?

नर्स: पुढच्या महिन्यात काय शिवाल? आणि त्याच्या पुढच्या? द्या ती इकडं. नुसती चड्डी राहू दे. हं... सात किलो दोनशे.

आजी: म्हणजे उतरलंच.

नर्स: शंभर ग्रॅम. मी हेच लिहिणार.

आजी: बाई, पाया पडते तुमच्या. सुनेचं काम जाईल.

नर्स: उठा, उठा आधी. सुनेला यायचं कारणच नाही. चिमी खेळतेय, ताप नाही, भूक आहे. अशा मुलाला दवाखान्यात ठेवावं लागत नाही. रोज सकाळी इथं आणायचं, डोळ्यांसमोर भरवायचं, आठवड्याला वजन. सोबत घरचं कुणीही चालतं.

आजी: मी चालेन?

नर्स: चालाल. दवाखान्यातसुद्धा आजी चालते. कागदावर 'घरचं माणूस' एवढंच लिहिलंय.

आजी: मग गिरणीवालीला हे का नाही सांगितलं कुणी? ती म्हातारी राहिली असती की नातवापाशी.

नर्स: सांगायला मीच होते, आजी. महिनाअखेर होती, मला यादी पाठवायची घाई होती. संध्याकाळी जाईन तिच्याकडं. तिच्या सुनेला कामावर परत घ्या म्हणून कारखान्यात चिठ्ठी देईन. घेतील की नाही, माहीत नाही. आणि परवा सगळ्या मुलांची वजनं पुन्हा. अंगावर कपडा नाही.

आजी: वरचे साहेब फाडून खातील तुम्हाला.

नर्स: खाऊ देत. आधी त्यांना हे पीठ खायला लावते. तुम्ही बायकांना निरोप द्याल ना? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार आता?

आजी: देईन. पण उद्या इथं बोलल्यापेक्षा काही वेगळं दिसलं, तर पोरीला उचलून चालती होईन. आधीच सांगते.

नर्स: कबूल. हे पीठ आजपासून बंद. नवं येईपर्यंत मी काहीतरी बघते. चिमी काय खाते आवडीनं?

आजी: उकडलेलं अंडं. त्यातलं पिवळं तेवढंच खाते.

नर्स: आणि पांढरं?

आजी: पांढरं असतं ना, ते माझं जेवण.