दहा नखांवरची खाच

आई : हात मागे का? इकडे कर.

लेक : नेलपॉलिश आहे गं. त्यात काय बघायचं?

आई : जन्मात कधी नखाला रंग लावला नाहीस. आज दहाच्या दहा रंगवून माहेरी? दे तो कापूस.

(आई रंग पुसते.)

आई : ही आडवी खाच कसली?

लेक : दारात बोट सापडलं.

आई : दहाही? दार होतं की मगर?

लेक : तुला ना, सगळ्यात काळंबेरंच दिसतं.

आई : तीस वर्षं वॉर्डात आया होते मी. डॉक्टरीणबाई शिकाऊ पोरींना सांगायच्या, फरशी पुसता पुसता मी ऐकायचे. वरचं नख मेलेलं, जिवंत मूळ कातडीखाली. ही पांढरी चंद्रकोर म्हणजे त्याचंच टोक. मोठं दुखणं आलं की मूळ काम टाकतं. बरं वाटलं की पुन्हा धरतं. मधली खाच नखाबरोबर पुढे सरकते.

लेक : बरं मग?

आई : मुळापासून टोकाला यायला सहा महिने. ही आलीय अर्ध्यावर. तीन महिन्यांपूर्वी तू म्हणत होतीस, कामाची गडबड आहे. कसली गडबड? हात उगारला तुझ्या नवऱ्याने?

लेक : आई!

आई : मग उपाशी ठेवलं?

लेक : ताप होता. डोक्यात गेला. अकरा दिवस शुद्ध नव्हती मला.

आई : आणि त्या मेल्याने जन्मदात्या आईला कळवलं नाही!

लेक : पहिल्याच दिवशी चार फोन केले त्याने तुला.

आई : खोटं.

लेक : त्याचं नाव दिसलं की तू फोन कापतेस. कापलेस ना?

आई : मला वाटलं, मला न विचारता लग्न केलंत, त्याची माफी मागायला करतोय.

लेक : म्हणून रंग लावला. फोन तूच कापलेस हे कळून तुला नुसता त्रासच झाला असता.

आई : तुझ्याजवळ कोण होतं?

लेक : तोच. अंग पुसायचा, वेणी घालायचा. नखंसुद्धा त्यानेच कापली.

आई : आत्ता कुठाय?

लेक : खाली, रस्त्यावर. मला सोडायला येतो तेव्हा तिथंच थांबतो.

आई : दर वेळी? जिना चढता येत नाही त्याला?

लेक : येतं. तू कधी बोलावलं नाहीस.

आई : माझी चप्पल दे. आणि उतरताना हात धर. गुडघा धरलाय, म्हणून.